जावईबापू आणि प्लॉटरचा डोळा

वयानं माझ्यापेक्षा लहान, कामात माझ्या हाताखाली, आणि तरीही ज्याला मला दिवसभर ‘तुम्ही’ म्हणावं लागायचं, असा एक माणूस ऐंशीच्या दशकात माझ्या शेजारच्या टेबलावर बसत असे. तो माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. ‘पाव्हणं, तो कपॅसिटर तुम्ही उलटा लावलाय, जरा बघता का?’ असं म्हणताना माझ्या तोंडाची चव जायची. दुसऱ्या कुणी कपॅसिटर उलटा लावला असता तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण जावयाला कसं बोलणार? संध्याकाळपर्यंत ती गोष्ट बहिणीकडून आईकडे आणि आईकडून बाबांकडे पोचली असती, आणि रात्रीच्या जेवणात भाताबरोबर मला चार शब्दही गिळावे लागले असते.

त्याला आमच्या दुरुस्तीच्या दुकानात मीच चिकटवला होता, हे आधी सांगून टाकतो. लग्न ठरलं तेव्हा तो बों अक्योय या आपल्या गावी टीव्हीच्या अँटेना बसवत फिरत होता. बहिणीचं भलं व्हावं म्हणून मी आमच्या पात्रोंच्या, म्हणजे मालकाच्या, मागे लागलो. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

आमचं दुकान बेटाच्या राजधानीपलीकडे, रोझ हिल या गावात होतं. पुढच्या बाजूला टाइपरायटर आणि हिशेबाची यंत्रं विकायला मांडलेली, मागे दुरुस्तीची खोली. मी सत्तरच्या दशकात लागलो तेव्हा रेडिओ आणि टेपरेकॉर्डर यायचे. पुढे बेटावर कपड्यांचे कारखाने उभे राहिले, गावोगावच्या मुली उसाची शेतं सोडून शिलाई मशीनवर बसायला लागल्या, आणि त्या कारखान्यांबरोबर आमच्या टेबलावर प्लॉटर आला. प्लॉटर म्हणजे पेन हातात धरून चित्र काढणारं यंत्र. एक सपाट पाट, त्यावर कागद. पाटात वीज अशी खेळवलेली असते की कागद त्याला आपोआप चिकटून बसतो. पाटावर एक आडवा दांडा पुढे-मागे सरकतो, दांड्यावर पेन धरणारी चिमटी डावी-उजवीकडे धावते. कॉम्प्युटर सांगेल तशी रेघ. शर्टाची बाही, कॉलर, खिसा, सगळ्याचे आकार तो कागदावर काढून द्यायचा आणि त्यावरून कापड कापलं जायचं. पहिल्यांदा चालताना बघितला तेव्हा मी टेबलाजवळून हललोच नाही. पात्रोंनी दोनदा हाक मारली, मला ऐकू आली नाही.

हे यंत्र माझं होतं. म्हणजे कागदोपत्री नव्हे, पण बेटाच्या या बाजूला त्याचं पोट उघडून बघणारा मीच होतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं त्याच्या जोडण्यांचे पाय हिरवे पडायचे, ते मी खोडरबरानं घासून काढायचो. वादळाच्या दिवसांत वीज खालीवर झाली की मोटारीला वीज देणारे ट्रान्झिस्टर जळायचे, ते काढून नव्यांना सोल्डरचा डाग द्यायचो. माझी एक पद्धत होती. आधी डोळ्यांनी बघायचं, मग मीटर लावायचा, आणि तरीही कळलं नाही तर ऑसिलोस्कोपच्या हिरव्या रेघेला विचारायचं. इंग्रजीतलं जाडजूड सर्व्हिस मॅन्युअल डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं होतं मी.

आणि मेव्हणा काय करायचा? हसायचा. गिऱ्हाइकाकडे गेला की आधी तिथल्या बायांची, त्यांच्या मुलांची चौकशी, मग चहा, मग जमलं तर यंत्र. वीज बंद करून चालू करायचा, दोन पट्टे घट्ट करायचा, नाहीतर नवं कार्ड टाकून मोकळा व्हायचा. दहातली सात यंत्रं तेवढ्यानं चालायचीच. उरलेली तीन माझ्या टेबलावर यायची, पण नाव त्याचं व्हायचं. कारखान्यातून फोन आला की बाई विचारायच्या, ‘ते हसरे साहेब, ते मिस्ये, येतील का?’ फोन मी उचललेला असायचा.

दुकानातलं एक वेळ सोसलं असतं. घरातलं सोसवत नव्हतं.

आमचं घर प्लेन दे पपायला. चारी बाजूंनी ऊस. बाबा साखर कारखान्यात फिटर होते, आयुष्यभर चरकाच्या दातेरी चाकांमध्ये हात घालून काम केलेले. रिटायर झाले तेव्हा त्यांच्याकडे एकच मोलाची वस्तू होती, एक मायक्रोमीटर. लाकडाची छोटी पेटी, आत निळ्या मखमलीचं अस्तर, त्यात तो झोपवलेला. कारखान्याच्या जुन्या इंजिनियरनं देश सोडून जाताना त्यांना दिलेला. केसाची जाडी मोजता येते यानं, असं बाबा सांगायचे. लहानपणी मी त्यांच्याकडून आईचा केस, बैलाच्या शेपटीचा केस, सगळं मोजून घेतलं होतं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. तेव्हा उसाचा हंगाम जोरात असतो आणि कारखाना कुणासाठी थांबत नसे, पण बाबा त्या दिवशी आपले पाने आणि कानसी घरी आणायचेच. पाटावर धुतलेलं फडकं, त्यावर पाने, कानसी, आईचा कोयता, आणि मधोमध ती पेटी उघडलेली. बाबा कुंकू खोबरेल तेलात कालवायचे, कारण कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही. मग अंगठा बुडवून प्रत्येक हत्याराला टिळा आणि वर अक्षता. मी नोकरीला लागल्यापासून माझा मीटरही त्या पाटावर असायचा. बाबा दरवर्षी म्हणायचे, ‘ही पेटी ज्याच्या हाताला यश त्याला देणार.’ आणि घरात हत्यार धरणारा हात माझ्याशिवाय कुणाचा नव्हता, त्यामुळे मी नुसतं हसायचो.

मग जावई आला. त्या वर्षी बाबा तेच वाक्य बोलले, पण बोलताना बघत होते त्याच्याकडे.

मला त्या मायक्रोमीटरचा काही उपयोग नव्हता. माझ्या कामात व्होल्ट मोजतात, केस नाही. त्यालाही नव्हता. पण ती पेटी मला पाहिजे होती, इतकी की तिच्याबद्दल विचार करताना माझे दात आवळले जायचे. बाबांनी कुणाकुणाला सांगितलं असतं की हे माझ्या मुलाला दिलं. तेवढंच मला पाहिजे होतं, आणि ते मला माझ्याच घरात एका हसऱ्या पाहुण्याशी झगडून मिळवावं लागणार होतं.

त्याची उठबस तर बघवत नसे. पहिली पुरी त्याला. खुर्ची त्याला, मी पायरीवर. त्याला लिंबाचं लोणचं आवडतं म्हणून आईनं बरणी त्याच्याकडे सरकवायची आणि मला म्हणायचं, ‘तुला न्हाय ना आवडत?’ मला आवडायचं.

पुढच्या दसऱ्याला त्यानं कमाल केली. फ्लाकच्या बाजूच्या एका कपड्याच्या कारखान्याचा प्लॉटर आमच्याकडे सर्व्हिसिंगला आला होता. त्याचा वीजपुरवठा मी दुरुस्त केला होता. आठवडाभर खपून एक फुगलेला कपॅसिटर आणि एक सुटलेला डाग शोधून काढला होता, कारण तो डाग यंत्र गरम झाल्यावरच सुटायचा आणि थंड झालं की शहाण्यासारखा चिकटून बसायचा. यंत्र बरं झालं होतं, दसऱ्यानंतर पोचवायचं होतं. दसऱ्याच्या सकाळी मी पाटावर फडकं अंथरत होतो, तेवढ्यात दारात दुकानाची व्हॅन थांबली. मेव्हणा उतरला आणि मागचं दार उघडलं. आत माझा प्लॉटर.

‘बाबा म्हणाले होते ना, तुमचं मशीन कसं असतं ते बघितलं न्हाय कधी. म्हणून आणलं, दादा. पात्रोंना विचारलं. ते म्हणाले, कोरेक, ठीक आहे, घेऊन जा.’

याच पात्रोंकडे मी याच माणसाच्या लग्नात खुर्च्या आणायला ही व्हॅन मागितली होती. तेव्हा पेट्रोल महाग झालं होतं.

प्लॉटर ओसरीत ठेवला. शेजारपाजारचे जमले. मेव्हण्यानं कागद लावला, पेनं भरली आणि दोन बटणं दाबून ठेवून वीज चालू केली. असं केलं की यंत्र आपली चाचणी आपणच घेतं. वर्तुळं काढतं, अक्षरं काढतं, पेनं बदलून रंगीत रेघा ओढतं. मॅन्युअलच्या सुरुवातीलाच लिहिलंय ते, कुणीही करू शकतं. पण ओसरीत तांबडं वर्तुळ उमटलं तसा सगळ्यांनी श्वास रोखला. चिमटी कडेला गेली, तांबडं पेन खणात ठेवलं, निळं उचलून आली. ‘आयो, गेत सा, हे बघा तरी!’ शेजारीण ओरडली. बाबा वाकून बघत होते. त्यांच्या तोंडावरचं ते हसू मी शाळेत पहिला आलो तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं.

‘जावईबापूंनी लोखंडाला लिवायला शिकवलं,’ ते म्हणाले.

मी म्हणालो, ‘बाबा, हे बंद पडलेलं होतं. मी—’

‘गप रं, बघू दे.’

मग बाबांनी कुंकवाची वाटी आणली. यंत्राभोवती एक फेरी मारून टिळ्याची जागा शोधली. चिमटीवर पुढच्या बाजूला एक गोल फुगीर टोपण होतं आणि त्याच्या मधोमध छोटी गोल लालसर काच. कपाळ म्हणून ती जागा चुकण्यासारखीच नव्हती. बाबांनी अंगठा वाटीत बुडवला, डोळे मिटले, आणि चांगला दाबून टिळा लावला. वर अक्षता टाकल्या. मी तेव्हा आत जाऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होता, कारण मला तिथे उभं राहवत नव्हतं. टिळा नेमका कुठे लागला ते मी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्यानं फडक्यानं यंत्र पुसलं आणि कारखान्यात पोचवून आला. तिथे त्यानं ते चालवूनही दाखवलं. छान चाललं. बायांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

काही दिवस गेले आणि फोन आला. ‘मासीन पा पे मार्से.’ चालत नाही. वीज येते, दांडा फिरतो, चिमटी पेनांच्या खणाशी जाते, एकेका पेनासमोर उभी राहते आणि पेन न उचलता पुढे सरकते. बाजारभर फिरून रिकाम्या पिशवीनं परतावं तशी कोपऱ्यात येऊन उभी राहते आणि लाल दिवा लुकलुकतो. मेव्हणा गेला. वीज बंद-चालू केली, केबल बदलली, कार्ड बदललं. चालेना. परत गेला. नवी पेनं भरली. चालेना. कारखान्यात कापड कापायचं खोळंबलं, बाया हात बांधून बसल्या, आणि तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा पात्रोंनी मेव्हण्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, ‘तुम्ही जा.’

खोटं कशाला बोलू, फ्लाकच्या वाटेवर मी गाणं गुणगुणत होतो.

कारखान्यातल्या कापणीच्या खोलीत सुताचा धुरळा हवेत तरंगत असतो. अंगावर बसतो, नाकात जातो. तिथली मुख्य बाई दारातच म्हणाली, ‘ते हसरे मिस्ये नाही आले?’ मी थेट यंत्राकडे गेलो. पॅनल उघडलं आणि माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. डोळ्यांना काही दिसलं नाही. मीटर लावला. पाच व्होल्ट होते, चोवीस होते, मी बसवलेला कपॅसिटर ठणठणीत. मोटारी दोन्ही ठीक. मग यंत्र पेन उचलत का नाही? कारण त्याला पेन दिसत नाही. चिमटीच्या टोपणात एक विजेचा डोळा असतो. तो लाल काचेतून न दिसणारा उजेड टाकतो, पेनावर आपटून उजेड परत आला तर समजतो की खणात पेन आहे. मी स्कोपची तार त्या डोळ्याच्या पायाला लावली. पेन समोर आलं की हिरवी रेघ ताठ उभी राहायला पाहिजे होती. ती जेमतेम कुबड काढून खाली बसली. उजेड टाकणाऱ्या दिव्याला वीज पुरेशी होती. म्हणजे उजेड निघत होता आणि वाटेत अडत होता.

वाटेत तर फक्त काच होती. काच लाल, स्वच्छ दिसत होती. तरी मी कापसाचा बोळा स्पिरिटात भिजवून फिरवला. आधी करडं सूत निघालं. मग बोळा लाल झाला.

मला वाटलं शाई. पण शाई अशी निघत नाही. बोळा नाकाशी नेला. स्पिरिटाच्या वासामागून खोबरेल तेलाचा वास आला. काच कडेनं जरा खोलगट होती, तिथे लाल लगदा बसला होता आणि लाल काचेवर लाल कुंकू कुणाच्या बापाला दिसलं नसतं. तेलाला सूत चिकटत गेलं आणि डोळा झाकत गेला. पोचवलं त्या दिवशी सूत बसलेलं नव्हतं, म्हणून तेव्हा चाललं. चिमटीच्या स्प्रिंगमध्ये काहीतरी पांढरं अडकलं होतं. चिमट्यानं काढलं. तांदळाचा दाणा होता, एका टोकाला कुंकू लागलेला.

बाबांचा अंगठा इतका दाबून बसतो हे माझ्या कपाळाला लहानपणापासून ठाऊक होतं.

मुख्य बाईनं विचारलं, ‘काय होतं?’ मी म्हटलं, ‘लापूस्येर, मादाम.’ धूळ. यंत्र पेन उचलून बाही काढायला लागलं. मी तो दाणा काडेपेटीत घालून खिशात ठेवला.

दुकानात मेव्हण्यानंही विचारलं. ‘दादा, काय निघालं हो?’ त्याचा चेहरा दोन दिवसांत बारीक झाला होता. मी त्यालाही म्हटलं, ‘धूळ.’ मला त्याला वाचवायचं होतं असं कुणी समजू नये. मला ती गोष्ट एकट्याला सांगून वाया घालवायची नव्हती. दिवाळीला बहीण आणि तो आमच्याकडे जेवायला येणार होते. सगळे बसले असताना, पहिली पुरी त्याच्या पानात पडल्यावर, मी काडेपेटी उघडून दाणा पाटावर ठेवणार होतो. तुमच्या जावयानं कारखान्याचं यंत्र मिरवायला घरी आणलं, आणि ते कसं बंद पडलं ते बघा. दुरुस्त कुणी केलं तेही बघा. वाक्यं मी बसमध्ये पाठ केली होती.

दिवाळी आली. पुऱ्या झाल्या, लोणचं त्याच्याकडे सरकलं. माझा हात खिशात गेला. तेवढ्यात बाबा उठले, आतल्या खोलीत गेले आणि पेटी घेऊन बाहेर आले. सरळ त्याच्यासमोर गेले आणि ती त्याच्या हातात ठेवली.

‘जावईबापू, ही तुमची.’

मेव्हणा गडबडला. ‘बाबा, दादांना द्या. मशीन तर दादांनीच सुरू केलं. मला न्हाय जमलं.’

‘ठावं हाय मला त्याला जमतं ते,’ बाबा म्हणाले. ‘पण तुम्ही माझ्या दारात मशीन आणलं. चाळीस वर्सं मी मिलमधी काम केलं. हंगामाच्या पहिल्या दिवशी पाद्री यायचा, मिलच्या चाकांवर पाणी शिंपडायचा. साहेब पुढं, त्यांच्या मडमा पुढं, आमी मागं हात बांधून. चाकं आमी बसवल्याली. मला कधी कुणी म्हणलं न्हाय की तू बी हात लाव. परक्याच्या मशीनला म्या पहिल्यांदा टिळा लावला तो त्या दिवशी, माझ्या वसरीत.’ मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता. ‘हा इतकी वर्सं जातो रोझ हिलला. मला एकदा तरी म्हणला, चला बाबा?’

खिशात काडेपेटी माझ्या बोटांना लागत होती. ती उघडायची तर बाबांच्या त्या टिळ्यावरच बोट ठेवावं लागणार होतं. हात तसाच बाहेर काढला आणि पुरीचा तुकडा मोडला. पुरी थंड झाली होती.

त्या रागानं मी वर्षभर जळलो. बाबांवर, बहिणीवर, आणि त्याच्यावर तर सगळ्यात जास्त. तो ‘दादांना द्या’ म्हणाला ना, त्याचा तर आणखीच. चांगुलपणातसुद्धा पुढे गेला माझ्या. बों अक्योयला बहिणीकडे गेलो की ती पेटी त्याच्या टीव्हीवर दिसायची, शेजारी प्लॅस्टिकची फुलं. मी बहिणीला पाणी आणायला सांगून पेटी उघडायचो, मायक्रोमीटरला गंज चढलाय का बघायचो. चढलेला नसायचा. तो त्याला तेल लावायचा. त्याचाही मला राग यायचा.

पुढच्या दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी बाबांना म्हटलं, ‘दसऱ्याला रोझ हिलला येता का? माझं टेबल बघायला.’

बाबा लगेच म्हणाले, ‘येतो की.’ जणू कुणी तरी विचारेल म्हणून तयारच होते.

व्हॅन मी मागितली नाही. राजधानीत, पोर्ट लुईला, बस बदलून गेलो. बाबांनी कोट घातला होता आणि कोटाच्या खिशात कुंकवाची डबी, तेलाची बाटली, कागदाच्या पुडीत तांदूळ. मेव्हणा त्या दिवशी कामावर बाहेर गेला होता. दिवस मी बघूनच ठेवला होता, हेही सांगतो. टेबलावर मी फडकं अंथरलं, त्यावर मीटर, स्कोप, सोल्डर, पक्कड. बाजूला एक प्लॉटर उघडून ठेवला होता. बाबांनी सगळं बघितलं. स्कोपची हिरवी रेघ त्यांना फार आवडली. कुठला डाग कसा शोधतो ते मी सांगत होतो, ते मान हलवत होते, मधेच विचारत होते, आणि त्यांचे प्रश्न फिटरचे होते. हे कशानं गरम होतं? हे झिजतं का? मला वाटलं, हे मी दहा वर्षांपूर्वी करायला पाहिजे होतं असं म्हणायला ते मोकळे आहेत. पण ते म्हणाले नाहीत.

मग त्यांनी कुंकू कालवलं. मीटरला टिळा, स्कोपला टिळा. प्लॉटरपाशी आले, चिमटीच्या टोपणावर अंगठा नेला, आणि तसाच हवेत थांबवला. लाल काचेवर मी पांढरी चिकटपट्टी लावून ठेवली होती.

‘हे काय?’

‘काही नाही. धूळ जाऊ नये म्हणून.’

बाबा त्या पट्टीकडे बघत राहिले. ‘नव्या बेरिंगावर आमी असाच कागद लावायचो,’ ते म्हणाले. ‘ज्याच्यापास्नं जपायचं ते जवळ असलं तरच लावायचो.’ मग त्यांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. कुंकू टपकायला आलं होतं. फिटर माणूस, त्याला किती वेळ लागणार? ‘म्हंजी त्या टायमाला...’

मी मान डोलावली.

‘जावईबापूंना ठावं हाय?’

‘नाही. कुणालाच नाही.’

‘नको सांगू,’ बाबा घाईनं म्हणाले. ‘भला माणूस हाय. मनाला लावून घेईल.’

तेव्हा मात्र माझा तोल गेला. ‘आणि मी?’ मी म्हणालो. दुकानात पुढे गिऱ्हाईक होतं, त्याला ऐकू गेलं असणार. ‘मी वर्षभर गिळून बसलोय. मला मन नाही? मी काय लोखंडाचा आहे?’

बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा अंगठा अजून तसाच वर धरलेला होता, तेल मनगटाकडे ओघळत होतं. मग त्यांनी दुसऱ्या हातानं माझी हनुवटी धरली आणि तो अंगठा माझ्या कपाळावर टेकवला. दाबला. लहानपणी दाबायचे तसाच, डोकं मागे जाईपर्यंत.

‘हितं लावलं,’ ते म्हणाले, ‘तर काय बंद पडायचं न्हाय ना?’

‘नाही,’ मी म्हणालो. तेल नाकावर आलं होतं, पण मी पुसलं नाही. त्यांनी पुडीतले तांदूळ माझ्या डोक्यावर टाकले, उरलेले प्लॉटरच्या झाकणावर, डोळ्यापासून लांब, जपून.

बाबांना बसमध्ये बसवून मी परत आलो. दुपारी मेव्हणा कामावरून आला. हसत आत शिरला, पिशवी ठेवली, आणि त्याची नजर माझ्या कपाळावर गेली. मग स्कोपवरच्या टिळ्याकडे, मीटरवरच्या टिळ्याकडे.

‘दादा, बाबा आले होते? इकडं?’

‘आले होते.’

‘मला न्हाय सांगितलं कुणी.’ तो आपल्या टेबलाकडे वळला. त्याच्या मीटरवर काहीच नव्हतं. त्यानं तो उचलला, परत ठेवला. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

पेटी आजही बों अक्योयला आहे. पण त्या दुपारी त्याचा उतरलेला चेहरा मी पोटभर बघून घेतला, आणि मला फार बरं वाटलं.